नवजात बाळाची कावीळ आणि सोलापूरचे ऊन

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, आणि म्हणूनच की काय, बाळ-बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो: "बाळ पिवळं दिसतंय, सकाळी गच्चीवर उन्हात धरा, कावीळ उतरेल." हा सल्ला निव्वळ अडाणीपणाचा आहे असे म्हणता येत नाही. त्यामागे खरे विज्ञान आहे. मात्र ते लोकांपर्यंत अर्धेच पोहोचले आहे.

पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. पोटातल्या बाळाच्या लाल रक्तपेशी मोठ्यांच्या पेशींपेक्षा कमी टिकतात, आणि जन्मानंतर त्या भराभर मोडतात. त्यांतील हीम या लोहयुक्त घटकापासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. जन्मापूर्वी त्याची विल्हेवाट वारेमार्फत आईचे शरीर लावत असते. नाळ कापली की ती जबाबदारी बाळाच्या यकृतावर येते, आणि तेथील संबंधित विकर (एन्झाइम) अजून पुरेसे कामाला लागलेले नसते. बहुतेक बाळांत हे सारे एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळते. बिलिरुबिन फार वाढले तर मात्र ते मेंदूत शिरून श्रवणशक्ती आणि हालचालींवर कायमचा परिणाम करू शकते.

प्रकाशाचा उपयोग प्रथम लक्षात आला तो १९५६ साली, इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात. तेथील परिचारिका जीन वॉर्ड बाळांना अंगणात नेत असत. एका बाळाचे अंग उजळले होते, पण चादरीखाली झाकला गेलेला त्वचेचा त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाच राहिला होता. पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन कमी भरले, आणि १९५८ साली रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रकाशोपचार मांडला.

प्रकाश नेमके काय करतो, हा या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे. बिलिरुबिनचा रेणू दोन अर्ध्यांचा असून तो मधोमध अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखा दुमडलेला असतो. पाण्याशी सलगी करू शकणारे त्याचे गट सहा हायड्रोजन बंधांनी आतल्या आत गुंतलेले असतात, त्यामुळे तो पाण्यात विरघळत नाही आणि यकृताने त्याला एक शर्करा-आम्ल जोडून दिल्याशिवाय पित्तात उतरत नाही. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतल्या या रेणूवर पडला की त्यातील एका दुहेरी बंधाभोवती रेणूचे टोक फिरते, आतले हायड्रोजन बंध सुटतात, आणि गुंतलेले गट मोकळे होतात. हा नवा समघटक (अणू तेच, मांडणी वेगळी) यकृताच्या त्या जोडकामाची वाट न पाहता पित्तात जाऊ शकतो. तो अस्थिर असल्याने आतड्यात पोहोचल्यावर पुन्हा मूळ रूपात येतो. पण काही रेणूंत नवे वलय जुळून ल्युमिरुबिन तयार होते, ते परत फिरत नाही, आणि पित्ताबरोबर लघवीवाटेही बाहेर पडते. म्हणजे यात ऊब कोठेच नाही. काम करतो तो रंग, त्याची तीव्रता आणि उघड्या त्वचेचे क्षेत्रफळ. म्हणूनच 'निळ्या लाइटखाली' ठेवलेल्या बाळाच्या अंगावर डोळ्यांची पट्टी आणि लंगोट यांखेरीज काही नसते.

उन्हातही हा निळा प्रकाश असतोच. नायजेरियात अतिनील किरण आणि उष्णता गाळणाऱ्या पडद्यांखाली, डॉक्टरांच्या देखरेखीत, सूर्यप्रकाशाचा यशस्वी वापर झालेला आहे. आपल्या गच्चीवर तसा पडदा नसतो आणि बिलिरुबिन मोजायलाही कोणी नसते. चाळिशी पार करणाऱ्या उन्हाळ्यात आठ वाजताच पत्रा तापतो. बाळाची त्वचा भाजते, अंगातले पाणी घटते, ते मलूल होऊन दूध कमी ओढते, शी कमी होते, आणि आतड्यातले बिलिरुबिन परत रक्तात शोषले जाऊन कावीळ उलट वाढते. यावर वरचे पाणी किंवा ग्लुकोज पाजणे हा उपाय नाही. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजणे, हा आहे.

काविळीच्या माळेबद्दल थोडे सांगायला हवे. जी कावीळ बहुधा आपोआप जाणारच असते, तिचे श्रेय ऐन वेळी गळ्यात असलेल्या माळेला मिळते. आणि जी जाणार नसते, तिच्यात माळेपायी मौल्यवान दिवस वाया जातात.

आणखी एक गोष्ट घराघरांत घडते. बाळासाठी ट्रंकेतून जपून ठेवलेली चादर, दुपटी, झबली बाहेर निघतात आणि त्यांना डांबर गोळ्यांचा वास येत असतो. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनच्या संपर्काने झपाट्याने फुटू शकतात, आणि कोणत्या बाळात ही कमतरता आहे हे बघून कळत नाही. कपडे डांबर गोळ्यांत ठेवूच नयेत. ठेवले गेले असतील तर ते बाळाला वापरू नयेत.

सावळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन ओळखू येत नाही. उजेडात कपाळ बोटाने दाबून सोडावे आणि रंग परतण्यापूर्वी पाहावे. डोळ्यांचे पांढरे आणि हिरड्याही पाहाव्यात. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणे, उठवूनही न उठणे, किंचाळल्यासारखे रडणे, अंग मागे ताठणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्यांना बाळ उघडे करून दाखवावे. दोन आठवड्यांनंतरही रंग टिकला आणि शी पांढरट किंवा लघवी गडद होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरील शस्त्रक्रिया जन्मापासून ६० दिवसांच्या आत झाल्यास तिला यश येण्याची शक्यता अधिक असते.