गृहनिर्माण संस्थेच्या थकीत मेंटेनन्सची वसुली: कलम १५४ब-२९ खालील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या एखाद्या सभासदाने देखभाल शुल्क थकवले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-२९ नुसार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) मिळवता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण येण्यापूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे, त्यामुळे जुन्या सभासदांच्या तोंडी अजूनही ‘एकशे एकची केस’ असते.

अर्ज करण्याचा अधिकार नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेला आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र झालेल्या इमारतींच्या असोसिएशनला हा मार्ग लागू नाही. तेथे थकीत रकमेचा बोजा त्या अपार्टमेंटवर राहतो आणि वसुली त्या कायद्याप्रमाणे करावी लागते. आपली इमारत नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे, हे नोंदणीचे कागद काढून आधी पाहावे, कारण दारावरच्या पाटीवर ‘सोसायटी’ लिहिलेले असणे पुरेसे नसते.

अर्ज टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा तो दाखल होण्यापूर्वीच्या हिशेबावर ठरते. मागणी केलेल्या प्रत्येक रकमेला नोंदणीकृत उपविधींचा (संस्थेच्या नियमावलीचा, म्हणजे बाय-लॉजचा) किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा आधार हवा. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, ते क्षेत्रफळावर आकारले जात नाही. सदनिका भाड्याने दिल्यास घ्यायचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. व्याजाबाबत तर विशेष जपावे. संस्थेच्या उपविधींत जो दर आहे तोच लावावा (२०१४ च्या आदर्श उपविधींत तो वार्षिक कमाल २१ टक्के आहे) आणि तो सरळव्याजाने लावावा. हिशेबाच्या संगणक प्रणालीत मागील व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढत असेल, तर सुनावणीत सभासदाला आयतीच हरकत सापडते.

व्यवस्थापक समितीने प्रथम थकबाकीदाराला लेखी मागणी नोटिसा पाठवाव्यात आणि त्या पोहोचल्याचा पुरावा जपावा. त्यानंतर कारवाईचा व अर्जावर सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याला अधिकार देणारा ठराव करून विहित नमुन्यातील अर्ज आपल्या क्षेत्राच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यावा. अर्जासोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, उपविधींची प्रत, समितीचा ठराव, शुल्क ठरवणारे सर्वसाधारण सभेचे ठराव, बिलांच्या व नोटिसांच्या प्रती पोहोचेसह, सभासदाचा खातेउतारा, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवणारे थकबाकीचे विवरण, सदनिकेचा तपशील आणि चौकशी शुल्क भरल्याचे चलन जोडावे.

निबंधक सभासदाला नोटीस काढून त्याचे म्हणणे ऐकतात. गळती, पार्किंग किंवा समितीचा कारभार यांविषयीच्या तक्रारी येथे हमखास पुढे केल्या जातात, पण अशा तक्रारींमुळे शुल्क रोखून धरण्याचा अधिकार मिळत नाही. सभासदाने हरकत लेखी नोंदवून रक्कम भरावी आणि तक्रारीसाठी वेगळी दाद मागावी, हेच त्याच्या हिताचे आहे. समितीनेही पाणी तोडण्यासारखे उपाय योजू नयेत, कायद्याने दिलेला वसुलीचा मार्ग तो नव्हे.

चौकशीअंती दिलेला दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा ठरतो आणि त्यातील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. तरीही रक्कम न भरल्यास अधिनियमाचे कलम १५६ आणि महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १०७ यांनुसार वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती आणि शेवटी मालमत्तेच्या लिलावापर्यंत जाऊ शकतात. दाखला मान्य नसलेल्या सभासदाला कलम १५४ खाली दोन महिन्यांच्या आत पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेकडे जमा करावी लागते.