दोन वर्षांनी संपणारं प्रमाणपत्र

१९९० च्या सुमाराला गर्भवतींचा व्यायाम घेणारी ट्रेनर दोन आकडे तोंडपाठ ठेवायची, १४० आणि १५. नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपलीकडे न्यायचा नाही. हे तिच्या मनाचं नव्हतं. अमेरिकेतल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ मध्ये तसं लिहून दिलं होतं. १९९४ मध्ये त्याच संघटनेनं दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. २००२ मध्ये तिनं सांगितलं की गुंतागुंत नसेल, तर आठवड्यातल्या बहुतेक दिवशी किमान ३० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आता जिनं परीक्षा १९९० मध्ये दिली आणि त्यानंतर पुस्तक उघडलंच नाही, ती पुढची कित्येक वर्षं धडधाकट बायकांना पंधराव्या मिनिटाला थांबवत राहणार. तेही अगदी काळजीपोटी. ट्रेनरच्या प्रमाणपत्रावर मुदत का छापलेली असते, ते मला या दोन आकड्यांवरून सगळ्यात चांगलं कळतं.

ही मुदत सुरुवातीपासून नव्हती. फार पूर्वी तर प्रमाणपत्रच नव्हतं. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली, ती त्या काळातली वेगळीच गोष्ट. एरवी शिकवणाऱ्याचं शरीर हीच त्याची पदवी. युजेन सँडो यांनी १८९७ मध्ये लंडनमध्ये व्यायामसंस्था उघडली, तेव्हा लोक त्यांचे दंड बघून आत शिरत होते. जॅक ललेन यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जिम काढली, तिथंही तेच. ‘ज्याची बॉडी चांगली, तो ट्रेनर चांगला’ हा समज आजही गेलेला नाही.

प्रमाणपत्राचा उगम जिममध्ये झालाच नाही, तो हृदयरोग्यांच्या पुनर्वसनात झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था १९५४ ची. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला पडून राहू देण्याऐवजी बेतानं चालवावं, हा विचार पुढच्या काळात रुजत गेला. मग ट्रेडमिलवर अशा माणसाला चालवताना शेजारी उभं राहायचं कुणी, त्याला काय काय यायला हवं, हा प्रश्न आला. १९७५ मध्ये या संस्थेनं पहिली मार्गदर्शिका आणि पहिलं प्रमाणपत्र काढलं, ते याच लोकांसाठी. निरोगी माणसाला घाम गाळायला लावणारा ट्रेनर तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

तो आला एरोबिक्सच्या लाटेतून. केनेथ कूपर यांचं या विषयावरचं पुस्तक १९६८ मध्ये निघालं होतं. १९८० च्या दशकात ठिकठिकाणी वर्ग भरू लागले आणि शिकवणारे अपुरे पडले. कालपर्यंत दुसऱ्या रांगेत नाचणारी मुलगी आज माइक घेऊन पुढे उभी, असं सर्रास व्हायचं. दुखावलेल्या पोटऱ्या आणि गुडघे घेऊन लोक डॉक्टरांकडे जाऊ लागले, तेव्हा परीक्षा हवी असं बोललं जाऊ लागलं. स्ट्रेंथ कोचांची संघटना एनएससीए १९७८ मध्येच उभी राहिली होती. ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी १९८५ मध्ये एसीई आली, १९८७ मध्ये एनएएसएम. ‘पर्सनल ट्रेनर’ हे पोटापाण्याचं काम म्हणून याच दशकात रूढ झालं.

प्रमाणपत्राची मुदत वाढवून घ्यायला जे सतत शिक्षण लागतं, त्याचं एकक मात्र या व्यवसायानं स्वतः घडवलेलं नाही. ते आयतं मिळालं. अमेरिकेत १९७० च्या सुमाराला इतर व्यवसायांसाठी ‘सीईयू’ ठरलं होतं. दहा तासांचं शिक्षण म्हणजे एक सीईयू. ट्रेनरच्या संघटनांनी ते किंवा त्यासारखंच मोजमाप उचललं. एसीईचं प्रमाणपत्र टिकवायला दोन वर्षांत २० तास लागतात, तर अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या ट्रेनरला तीन वर्षांत ४५ तासांचे गुण जमवावे लागतात. माझ्या मते, सगळ्या व्यवस्थेची दुखरी नस इथेच आहे. हे एकक वेळ मोजतं. खुर्चीत बसलेला तास आणि डोक्यात शिरलेला तास त्याला सारखाच दिसतो.

व्यवस्थेला दात आले ते हेल्थ क्लबांमुळे. गल्लोगल्ली प्रमाणपत्रं विकली जाऊ लागली तेव्हा क्लबांची संघटना इहर्सा हिनं सदस्यांना शिफारस केली की २००६ पासून स्वतंत्र मान्यता असलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल, त्याच ट्रेनरला घ्यावं. अशी मान्यता देणाऱ्या एनसीसीएच्या निकषांत नूतनीकरण आवश्यकच आहे. ब्रिटननं २००२ मध्ये व्यायाम व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली होती.

त्याच २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो प्रत्येक ट्रेनरनं वाचावा असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी ११५ ट्रेनरना आहार, आरोग्य तपासणी, चाचण्या, व्यायामाची आखणी आणि विशेष काळजी लागणारे लोक या विषयांवरचे प्रश्न दिले. ज्यांच्याकडे व्यायामशास्त्राची पदवी होती किंवा ठरावीक संस्थांचं प्रमाणपत्र होतं, त्यांना जास्त गुण पडले. अनुभवाच्या वर्षांचा आणि गुणांचा मात्र संबंध दिसला नाही. पंधरा वर्षं जिममध्ये काढलेला माणूस हे वाचून दुखावला जाईल, आणि ते समजण्यासारखं आहे. क्लायंट कधी खोटं बोलतो, कुणाला सावकाश घ्यायचं, हे अनुभवच शिकवतो. पण आपण शिकलेली गोष्ट दरम्यान चुकीची ठरली आहे, हे अनुभवाला कळायचा मार्गच नसतो.

कमाल हृदयगतीचं उदाहरण घ्या. २२० वजा वय, हे सूत्र अजूनही कित्येक कार्डिओ मशिनवर छापलेलं दिसतं. ते १९७१ च्या एका लेखातून पसरलं आणि त्यामागे काटेकोर असं मूळ संशोधन नव्हतं. २००१ मध्ये बऱ्याच मोठ्या आधारावर दुसरं सूत्र मांडलं गेलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीच्या क्लायंटला दोन्हींनी १८० च येतात, म्हणून फरक जाणवत नाही. साठीच्या माणसाला जुनं सूत्र १६० देतं, नवं १६६. सत्तरीला १५० आणि १५९. म्हणजे वय वाढेल तसा जुना आकडा कमी कमी पडत जातो आणि म्हाताऱ्या माणसाला आपण गरजेपेक्षा हलका व्यायाम देत बसतो. नवं सूत्रही सरासरीच सांगतं, एकेका माणसाचा आकडा त्यापासून दहा ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो. तेही शिकावंच लागतं.

आज २० तास भरायला बाहेर जावं लागत नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, शेवटी दहा प्रश्नांवर खुणा करायच्या, झालं. मुदत संपायला चार दिवस उरले असताना रात्री जागून गुण जमवणारे ट्रेनर मी पाहिले आहेत. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. पण पहाटे पाचला पहिला क्लायंट आणि रात्री नऊला शेवटचा, मधल्या सुट्टीत शिकायचं आणि तेही पदरमोड करून. त्या तासांचे पैसे कुणी देत नाही.

एक भाग मात्र असा उरकता येत नाही, तो सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याचा. बहुतेक मोठ्या संस्था त्याचं चालू प्रमाणपत्र मागतात आणि ते प्रत्यक्ष हातांनी करून दाखवावं लागतं. तिथेही आकडे बदलले. २००५ पर्यंत मोठ्या माणसाला १५ वेळा छाती दाबून दोन श्वास द्यायचे, मग ते ३० ला दोन झाले. २०१० मध्ये क्रम बदलला, आधी छाती दाबायची आणि श्वास नंतर. जुन्या सवयीचा ट्रेनर सरावाच्या पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसतो आणि त्याचा हात आपोआप हनुवटीकडे जातो. शिकवणारी तो हात धरून छातीच्या मधोमध ठेवते आणि मोजायला सांगते. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. तिसऱ्या फेरीला त्याचे दंड थरथरायला लागतात, पण या वेळी हात योग्य जागी असतो.