म्हाडाची गृहनिर्माण सोडत

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, आपल्या मंडळांकडील घरे पात्र अर्जदारांमध्ये संगणकीय चिठ्ठीने वाटते. या पद्धतीला शासकीय भाषेत ‘सोडत’ आणि बोलीभाषेत ‘लॉटरी’ म्हणतात. ज्याचे नाव निघते त्याला ‘घर लागले’ असे म्हटले जाते. या शब्दप्रयोगात नशिबाचा वाटा ठळक दिसतो. पण सोडतीच्या यादीत नाव येण्याआधीच पात्रतेच्या नियमांची चाळणी लागलेली असते, आणि घर कोणाला मिळू शकते हे बव्हंशी तिथेच ठरते.

१९४८मध्ये स्थापन झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाचा वारसा म्हाडाकडे आला. १९७६च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचे काम डिसेंबर १९७७पासून सुरू झाले. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथील मंडळे आपापल्या क्षेत्रासाठी स्वतंत्र जाहिरात काढतात. सोडतीतील सर्वच घरे म्हाडाने बांधलेली नसतात. १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्या खासगी विकासकाला २० टक्के घटक अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी राखावा लागतो. ही घरेही म्हाडाच्या सोडतीत येतात, मात्र विजेत्याला पुढचा व्यवहार विकासकाशी करावा लागतो.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा म्हणून अधिवास प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र १ जानेवारी २०१८ नंतर दिलेले आणि बारकोड असलेले असावे, अशी अट अलीकडच्या सोडतींमध्ये घातली गेली. त्यामुळे जुने प्रमाणपत्र जपून ठेवलेल्यांनाही ते नव्याने काढावे लागले. संबंधित क्षेत्रात अर्जदाराच्या, त्याच्या पती अथवा पत्नीच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर मालकीचे पक्के घर नसावे. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी ही अट अधिक कडक आहे, कारण तिथे देशात कोठेही पक्के घर असल्यास अर्ज बाद होतो.

सर्वाधिक गोंधळ उत्पन्न गटाबाबत होतो. २०२२पर्यंत अत्यल्प गटाची मर्यादा महिना २५,००० रुपये होती. त्या वर्षीच्या सुधारणेनंतर मुंबई, पुणे व नागपूर महानगर क्षेत्रांत वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च असे गट झाले. राज्यात इतरत्र पहिल्या दोन मर्यादा साडेचार व साडेसात लाख आहेत. कौटुंबिक उत्पन्न म्हणजे पती-पत्नीचे एकत्रित उत्पन्न. एकाच घरात राहणाऱ्या आईवडिलांची किंवा भावंडांची कमाई त्यात धरत नाहीत. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला चालतो. कमी उत्पन्नाच्या अर्जदाराला वरच्या गटात अर्ज करण्याची मुभा आहे, पण वरच्या गटातील अर्जदाराला खाली उतरता येत नाही.

निम्मी घरे सर्वसाधारण अर्जदारांसाठी असतात. उरलेल्यांत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के, पत्रकारांसाठी अडीच टक्के, कलाकारांसाठी २ टक्के अशी विभागणी असून माजी सैनिक, दिव्यांग, शासकीय कर्मचारी आणि लोकप्रतिनिधी यांनाही हिस्सा आहे. लोकप्रतिनिधींना असे आरक्षण का असावे, हा प्रश्न रास्त आहे.

पूर्वी कागदपत्रे सोडतीनंतर तपासली जात, त्यामुळे विजेता पुढे अपात्र ठरे आणि घर अपिलांत अडकून पडे. २०२३पासूनच्या संगणकीय प्रणालीत अर्जदाराची नोंदणी आणि कागदपत्रांची छाननी आधी होते, आणि पात्र ठरलेलाच योजनेचा संकेत क्रमांक निवडून अनामत रक्कम भरतो. हा बदल खरोखर मोलाचा आहे, कारण घर लागल्याचा आनंद नंतर हिरावला जाण्याची वेळ त्याने बरीच कमी केली. २०२३च्या मुंबई सोडतीत अनामत रक्कम अत्यल्प गटासाठी २५,००० आणि उच्च गटासाठी दीड लाख रुपये होती. घर न लागल्यास ती परत मिळते, अर्जाचे शुल्क मात्र मिळत नाही.

मुंबईत २०१९ साली २१७ घरांची सोडत झाली आणि त्यानंतर थेट १४ ऑगस्ट २०२३ रोजी ४,०८२ घरांसाठी, सुमारे १ लाख २० हजार अर्जांमधून नावे निघाली. ८ ऑक्टोबर २०२४च्या सोडतीत २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांहून अधिक अर्ज होते. विजेत्याला प्रथम सूचना पत्र, नंतर देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, मिळते आणि ठरलेल्या मुदतीत टप्प्याटप्प्याने किंमत भरावी लागते. खरी कसोटी इथे लागते. २०२३मध्ये पहाडी गोरेगाव येथील अत्यल्प गटाचे घर सुमारे ३० लाख रुपयांचे होते. वर्षाला ६ लाखांहून कमी कमावणाऱ्या कुटुंबाला तेवढे कर्ज मिळणे अवघड असते, आणि काही विजेते घर परत करतात. अशी घरे प्रतीक्षा यादीतील पुढच्या अर्जदाराकडे जातात.

गिरणी कामगारांची सोडत यापासून वेगळी आहे. मुंबईतील बंद गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग म्हाडाकडे आल्यावर त्यांवरील घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार किंवा त्यांचे वारस पात्र ठरले. येथे उत्पन्नाची अट नाही. कामगार गिरणीत होता हे सिद्ध करणारे कागद निर्णायक ठरतात. जून २०१२मध्ये ६,९२५ घरांची सोडत झाली, तर अर्जदारांची संख्या सुमारे दीड लाख होती.

मागणी सर्वत्र सारखी नसते. विरार-बोळिंज येथील कोकण मंडळाची हजारो घरे सोडतींनंतरही शिल्लक राहिली आणि अखेर ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ तत्त्वावर विक्रीला काढावी लागली.