नीलम की कायनाइट? पाडरचा निळा दगड इंदूरच्या टेबलावर

भाच्यानं रुमालाची गाठ सोडली आणि कोशिंबिरीच्या वाटीशेजारी एक निळा दगड ठेवला. बोटभर लांब, पट्टीसारखा चपटा, कडा फिकट आणि मधोमध गडद निळी रेघ. "मावशी, नीलम आहे. पाडरचा." झांस्करमधल्या पदुमहून निघून, उमासी ला ही खिंड ओलांडून तो मचैलला उतरला होता. वाटेत कुणीतरी पाचशे रुपयांना दगड हातात ठेवला.

पाचशे रुपयांत नीलम मिळत नाही, हे कळायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती आहे, पण त्याबद्दल पुढे. त्याच्या बोलण्यातलं "पाडरचा" मात्र सहज उडवून लावता येत नव्हतं. खरा काश्मिरी नीलम तिथलाच, आणि त्याच डोंगररांगांत कायनाइट नावाचा दुसरा निळा दगडही सापडतो. गोंधळ होतो तो इथेच.

पाडर हा जम्मूकडच्या किश्तवाड जिल्ह्यातला भाग. लाहौलमध्ये तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एक होतात. मग चंद्रभागा (आपली पंढरपूरची नव्हे, पुढे चिनाब होते ती) पांगीतून वाहत पाडरमध्ये येते. गुलाबगढजवळ तिला भूत नाला मिळतो. या नाल्याच्या काठानं वर गेलं की चंडीमातेचं मचैल, आणि त्याच्याही पलीकडे सुमजाम. नीलमाची खाण सुमजामच्या वर, साधारण साडेचार हजार मीटरवर. बर्फ हटतो तेवढेच दोन-तीन महिने काम होऊ शकतं. १८८१च्या सुमारास तिथे दरड कोसळली आणि निळे स्फटिक उघडे पडले. सुरुवातीला लोकांना त्यांची किंमत माहीत नव्हती. ती कळताच महाराजा रणबीरसिंहांनी पहारा बसवला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश १८८७मध्ये तिथे पोचले, तोवर मूळ जागेतला चांगला माल जवळजवळ संपला होता. म्हणजे ज्या नीलमाच्या नावावर आजही जगभर भाव चढतो, त्याचा सुकाळ टिकला जेमतेम पाच-सहा वर्षं.

आता हे दोन दगड. दोघांतही मुख्य धातू ॲल्युमिनियम, आणि निळाईही बहुतांशी सारख्याच कारणानं, लोह आणि टायटॅनियमच्या चिमूटभर अंशानं. त्यामुळे रंग बघून निवाडा करायला जाऊ नये. फरक आहे सिलिकाचा, म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असते त्या द्रव्याचा. नीलम म्हणजे कुरुंद, निव्वळ ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक त्याचंच लाल भावंड. कायनाइटमध्ये हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड सिलिकाशी जोडी जमवून बसलेलं असतं.

ही जोडी जमणं सोपं, मोडणं अवघड. समुद्रतळाचा चिखल गाडला गेला, भारत आशियाला भिडल्यावर तो खोल दाबला गेला, तापला. चिखलात ॲल्युमिनियम भरपूर आणि सिलिका त्याहून जास्त. दाब पुरेसा असला की त्यातून कायनाइटची पाती तयार होतात, अभ्रकाच्या चमचमत्या खडकात लांबच लांब. त्याच घटकांवर दाब कमी पडला तर अँडालुसाइट होतो, उष्णता वाढली तर सिलिमनाइट. त्यामुळे एखाद्या खडकात कायनाइट दिसला की तो किती खोल जाऊन वर आला, याचा अंदाज भूवैज्ञानिकाला बांधता येतो. हिमालयात अशा खडकांना तोटा नाही, म्हणून कायनाइटलाही नाही.

नीलमाला मात्र सिलिका नाहीशी व्हावी लागते, आणि ती पृथ्वीच्या कवचात जिकडेतिकडे भरलेली. पाडरमध्ये हे कसं घडलं? संगमरवराच्या थरांत मॅग्नेशियमनं भरलेल्या, सिलिकेला भुकेल्या खडकाचे तुकडे अडकलेले होते. त्यांत पेग्माटाइटच्या, म्हणजे ग्रॅनाइटच्या जातीच्या भरड खडकाच्या, शिरा घुसल्या. शेजारच्या भुकेल्या खडकानं शिरेतली सिलिका ओढून घेतली, ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचं कुरुंद झालं. पुढे शिरेतला फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं एक मुख्य खनिज) कुजून पांढरी माती झाली आणि स्फटिक त्या मातीत रुतून राहिले. अशी शेजारजोडी क्वचितच जमते, म्हणूनच एवढ्या मोठ्या डोंगरात नीलमाची जागा इतकीशी. आपल्या माळव्याच्या काळ्या फत्तरात तर या दोघांपैकी एकही मिळणार नाही. तो लाव्हाचा खडक, त्याच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या शोधाव्यात.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "ते ठीक आहे, पण हा कोणता?"

मी शिवणाच्या डब्यातली जाड सुई आणली. पात्याच्या लांबीच्या दिशेनं दाबून ओढली, तर बारीक पांढरी रेघ उमटली. बोटानं पुसली तरी गेली नाही. मग तीच सुई, तेवढाच जोर, पण आडवी ओढली. सुई घसरली, दगडावर काही नाही. भाच्यानं स्वतः तीनदा करून पाहिलं. मोह्सच्या १ ते १०च्या मापानं कायनाइटची कठिनता लांबीच्या दिशेनं साडेचार ते साडेपाच, आणि आडवी साडेसहा ते सात. एकाच पृष्ठावर एवढा फरक दाखवणारं खनिज विरळा. नीलमाची कठिनता ९; सुईनं त्याला कुठूनही काही होत नाही, सुईच झिजते.

आकारही बोलका असतो. पाडरचे नीलम पुष्कळदा चातीसारखे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर पांढऱ्या मातीचं पुटही. कायनाइट पात्यांचा, आणि सहज उभा चिरफाळणारा. नीलमाला असं पाटन नाही. काश्मिरी नीलमाची ती प्रसिद्ध मखमली झाक आतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे येते. प्रकाश त्यांवर विखुरतो आणि निळा रंग दुधाळ न होता मऊ दिसतो. कायनाइटला ही झाक नसते, पण तेवढ्यावरून सांगायला डोळा तयार लागतो.

पैलू पाडलेल्या खड्यावर सुई चालवता येत नाही. तिथे वजन करावं. दुसऱ्या दिवशी सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात (दिवसा; रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात, दगड नाही, भुट्ट्याचा कीस तोलला जातो) आम्ही हा तुकडा हवेत तोलला: १४.६ ग्रॅम. मग दोऱ्यानं बांधून, पाण्यात बुडवून: १०.६. घट ४ ग्रॅम; हवेतल्या वजनाला तिनं भागलं की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते, ३.६५. कायनाइट बसतो साडेतीन ते पावणेचारच्या दरम्यान; नीलम असता तर ४ आलं असतं. दुकानात अपवर्तनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजायचं यंत्र असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम: नीलम १.७६ ते १.७७, कायनाइट १.७१ ते १.७३. आणि ग्रहांच्या बाजारात नीलमाऐवजी "नीली" म्हणून जे देतात ते बहुधा तिसरंच खनिज, आयोलाइट. त्याची चर्चा इथे नको.

माझी पदवी कामाला आली नाही ती गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वी यजमानांची साडेसाती सुरू झाली आणि सासूबाईंनी जुनी इंदूरच्या शनिमंदिरातून परतताना एका दुकानातून नीलमाची अंगठी करून आणली. मी ती बघितली, छान आहे म्हटलं, झालं. जडवलेला खडा कोण तपासतं? दोन वर्षांत पैलूंच्या धारा बोथट झाल्या, वरचं पृष्ठ ओरखड्यांनी धूसर. नऊ कठिनतेचा दगड रोजच्या भांड्याकुंड्यांनी, धुळीनं असा झिजत नाही. खोबणीतून काढून तोलला, कायनाइट निघाला. दुकानदार म्हणाला, आम्ही तर असाच घेतो, असाच देतो. साडेसाती तोवर निम्म्यावरही आली नव्हती.

कायनाइट फुकटचा मात्र नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत. तो फार तापवला की त्याचं मुलाइट हे उष्णता सोसणारं खनिज होतं आणि तो चांगलाच फुगतो. म्हणून भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांत त्याला मागणी. रंग सुंदर असलेला थोडा माल पैलूकारांकडे जातो.

भाच्याला तरीही अंगठी हवी होती. "नीलम नसला तर नसला, मी उमासी लावरून आणलाय." कारागिरानं दगड नखावर ठेवून उजेडात फिरवला, उभ्या भेगा बघितल्या आणि परत दिला. "खडा धरायच्या काट्या दाबताना फाटेल, ताई. लॉकेट करा, बाजूनं पट्टी लावून."