जपानी हस्ताक्षर : परकीय विद्यार्थ्यांचा लेखनाभ्यास

परकी भाषा म्हणून जपानी शिकणाऱ्यांनी ती हाताने लिहायला शिकणे आणि त्या अक्षराला वळण लावणे, हा जपानी भाषाशिक्षणाचा एक भाग आहे. कुंचल्याने करायची शोदो ही सुलेखनकला त्याला जवळची असली, तरी वेगळी. या नोंदीत विचार केला आहे तो पेन्सिलने किंवा पेनने रोजच्या कामापुरते लिहिण्याचा : कार्यालयातला अर्ज, वहीतली टिपणे, शिक्षकांना लिहिलेली चिठ्ठी, नववर्षाचे शुभेच्छापत्र. प्रौढ वयात जपानी शिकणाऱ्याचे अक्षर बिघडते ते हात वाईट असतो म्हणून नव्हे. तो अक्षरे पडद्यावर किंवा छापील पानावर पाहतो आणि तीच आकृती हुबेहूब काढायला जातो. जपानीत छापील अक्षर आणि हाताचे अक्षर यांत पुष्कळ अंतर आहे. जपानी मुलाला ते शाळेत पहिल्या वर्षापासून उमगत जाते, परक्या विद्यार्थ्याला बहुधा कोणी सांगतच नाही.

तीन लिप्या

जपानी मजकुरात हिरागाना, काताकाना आणि कांजी म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाचक अक्षरे एकाच ओळीत नांदतात. हिरागाना व काताकाना या ध्वनिलिप्यांची मूळ अक्षरे प्रत्येकी 46. दोन्हींचा उगम चिनी अक्षरांत आहे. ही अक्षरे भरभर, वळणदार लिहिता लिहिता हिरागाना घडली. बौद्ध भिक्षूंनी ग्रंथांच्या समासात टिपणे करताना चिनी अक्षरांचे तुकडे वापरले, त्यातून काताकाना. साधारण नवव्या शतकापासून दोन्ही रुळल्या. म्हणजे हिरागानाचा गोलवा कुंचल्याच्या वेगातून आला आहे आणि काताकानाचे कोन तोडलेल्या अवयवांतून. हे ध्यानात ठेवले, तर कोणती रेघ वळवायची आणि कोणती ताठ ठेवायची हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

मराठी विद्यार्थ्याला या लिप्यांचा क्रम ओळखीचा वाटतो आणि त्यामागे खरे नाते आहे. आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा ही मांडणी बौद्ध धर्माबरोबर जपानात गेलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या आणि संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडली. भिक्षू कूकाई 806 मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याने संस्कृत ग्रंथही बरोबर आणले होते. जपानातल्या मंदिरांत आणि स्मशानातल्या शिळांवर सिद्धम् अक्षरे आजही लिहिलेली दिसतात.

खरे ओझे कांजीचे. नित्य वापरासाठी सरकारने ठरवलेल्या जोयो कांजींची संख्या 2010 पासून 2136 आहे. त्यांपैकी 1026 प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवल्या जातात, पहिलीत फक्त 80. 2010 च्या यादीत 29 रेघांची ‘उत्सु’ ही कांजीही आली. यादीतली प्रत्येक कांजी हाताने लिहिता आलीच पाहिजे असे नाही, अशी भूमिका तेव्हाच घेतली गेली. शिकणाऱ्याने ही सवलत मनापासून घ्यावी. वाचायच्या कांजी आणि लिहायच्या कांजी या दोन याद्या वेगळ्या ठेवणे शहाणपणाचे आहे.

छापील अक्षर आणि हाताचे अक्षर

वर्तमानपत्रे व पुस्तके यांत सर्रास दिसणारा टंक म्हणजे मिनचो. त्यात उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. तो त्रिकोण म्हणजे कुंचला थांबून दाबला गेल्याची खूण, छपाईसाठी गोठवलेली. कोणी पेनने तो त्रिकोण रंगवू लागला, तर अक्षर कृत्रिम दिसते. गोथिक टंकात सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या, त्यामुळे रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हेच कळत नाही. हिरागानातल्या ‘की’ आणि ‘सा’ या अक्षरांत बहुतेक टंक खालची कमान वरच्या तिरक्या रेघेला जोडतात. हाताने लिहिताना ती सुटी असते. तशी ‘की’ चार रेघांची आणि ‘सा’ तीन रेघांची होते. ‘फू’ आणि ‘री’ यांचीही छापील रूपे अशीच फसवी आहेत. कांजीत रस्ता, जाणे-येणे यांसारख्या अर्थांच्या अक्षरांना खालून कवेत घेणारा ‘शिन्न्यो’ हा अवयव मिनचोत जवळजवळ सरळ दिसतो, हातात मात्र त्याला नागमोडी वळण येते.

शाळेच्या पुस्तकांसाठी म्हणूनच क्योकाशोताई नावाचा वेगळा टंक आहे. तो हाताच्या वळणाला बराच जवळचा आहे आणि हाताने लिहायला शिकणाऱ्याने आपल्या संगणकावर व शब्दपत्त्यांवर प्रथम तोच लावून घ्यावा. इतका लहानसा बदल जितके काम करतो, तितके पानेच्या पाने गिरवूनही होत नाही. त्याहून चांगला अर्थात माणसाने लिहिलेला कित्ता. जपानीत त्याला तेहोन म्हणतात.

हाताचे रूप वेगळे म्हणून चुकीचे, हा समज जपानातही होता. कार्यालयांत आणि बँकांत कधीकधी लोकांना नाव छापील रूपाप्रमाणे पुन्हा लिहायला सांगितले जाई. शाळेत एखादी रेघ टोकाला उसळली नाही म्हणून गुण कापले जात. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने फेब्रुवारी 2016 मध्ये जोयो कांजींच्या रूपांविषयी सविस्तर मार्गदर्शिका काढली आणि स्पष्ट केले, की अक्षराचा सांगाडा शाबूत असेल, तर रेघ थांबली की उसळली, किंचित लांब की आखूड, जोडलेली की सुटी, अशा फरकांनी अक्षर चूक ठरत नाही. ‘झाड’ या अर्थाच्या कांजीची मधली उभी रेघ खाली थांबवा किंवा तिला आकडा काढा, दोन्ही बरोबर.

तीन वर्षांनी याचे उत्तम उदाहरण साऱ्या देशासमोर आले. 1 एप्रिल 2019 रोजी रेइवा या नव्या कालखंडाचे नाव जाहीर झाले, तेव्हा दाखवलेल्या फलकावर त्यातल्या ‘रेइ’ या कांजीची शेवटची रेघ छापील रूपाप्रमाणे सरळ खाली उतरली होती. शाळेत मात्र हे अक्षर खाली काताकाना ‘मा’सारखा आकार काढून लिहायला शिकवतात. दोन्ही रूपे मान्य आहेत.

ही सूट म्हणजे वाटेल ते चालते असे नव्हे. ‘माती’च्या कांजीत खालची आडवी रेघ लांब, वरची लांब केली, तर ती ‘योद्धा’ या अर्थाची कांजी होते. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ या अर्थांच्या कांजी तर फक्त वरच्या दोन आडव्या रेघांपैकी कोणती लांब, एवढ्यावरच ओळखायच्या. असे फरक सांगाड्यातले असतात.

रेघांचा क्रम

रेघांचा क्रम हा परक्या विद्यार्थ्यांना जाच वाटतो. ढोबळ नियम थोडे आहेत : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर, चौकट आधी, मग आतला भाग आणि चौकटीची खालची रेघ सर्वांत शेवटी, संपूर्ण अक्षर भेदून जाणारी उभी रेघ अखेरीस. अपवादही शिकण्यासारखे आहेत. ‘उजवा’ या कांजीत डावीकडे उतरणारी रेघ आधी येते, ‘डावा’ या कांजीत आडवी आधी. ‘उजवा’तली ती उतरती रेघ आखूड आणि आडवी लांब, ‘डावा’त नेमके उलट. म्हणजे क्रम बदलला की प्रमाणही बदलते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते जाणवते.

शाळेत जो क्रम शिकवला जातो तो मुख्यतः 1958 साली शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या पुस्तिकेवर आधारलेला आहे. तिच्यात 881 कांजींचा क्रम दिला होता आणि इतर प्रचलित क्रम चुकीचे मानू नयेत असेही म्हटले होते. तेव्हा क्रम म्हणजे आज्ञा नव्हे. पण तो पाळला की हात कमी फिरतो आणि घाईतही अक्षर ओळखता येते, कारण घाईत रेघा ज्या वाटेने जोडल्या जातात ती वाट क्रमानेच ठरते.

काताकानातल्या ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘न्’ आणि ‘सो’ या जोड्या याची साक्ष देतात. ‘शि’ आणि ‘न्’ यांच्या छोट्या रेघा डाव्या कडेला एकाखाली एक लागतात आणि शेवटची लांब रेघ खालून वर जाते. ‘त्सु’ आणि ‘सो’ यांच्या छोट्या रेघा वरच्या कडेला ओळीत बसतात आणि लांब रेघ वरून खाली येते. आकृती म्हणून ही अक्षरे पाठ करणारे वर्षानुवर्षे गोंधळतात. हाताची दिशा पक्की केली की गोंधळ आठवडाभरात मिटतो.

रेघेचा शेवट तीन प्रकारे होतो. तोमे म्हणजे थांबणे, हाने म्हणजे टोक उसळवणे, हाराई म्हणजे दाब हळूहळू काढून घेत रेघ विरू देणे. पेन्सिलनेही हे तिन्ही जमतात. नवशिक्या सगळ्याच रेघा एका दाबाने ओढून सोडून देतो आणि अक्षर निर्जीव दिसते ते मुख्यतः यामुळे. 2016 च्या मार्गदर्शिकेने या बारकाव्यांत सूट दिली हे खरे, पण चूक नसणे वेगळे आणि अक्षर देखणे असणे वेगळे.

जागा आणि प्रमाण

प्रत्येक जपानी अक्षर एका अदृश्य चौरसात बसते. देवनागरीवर वाढलेल्या हाताची अडचण इथे होते. आपले अक्षर शिरोरेषेला लटकते. वरची पातळी सांभाळली की ओळ सरळ दिसते आणि शब्दातली अक्षरे त्या रेषेनेच बांधली जातात. जपानीत शिरोरेषा नाही, शब्दांत मोकळी जागाही सोडत नाहीत. ओळ सांभाळायची ती अक्षरांच्या मध्यबिंदूंनी. ‘ए’ उंच, ‘त्सु’ बसकी, ‘शि’ अरुंद. यांचे माथे एका पातळीत आणायला गेले की ओळ डगमगते. उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे लिहायचा पारंपरिक सराव केला, तर मध्याची जाण लवकर येते. हिरागाना घडली तीच वरून खाली लिहिताना, त्यामुळे एका अक्षराचा शेवट आपोआप खालच्या अक्षराच्या सुरुवातीकडे वळतो.

पेनलेखनाच्या वर्गांत हमखास सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत : कांजी किंचित मोठी, हिरागाना-काताकानाची अक्षरे किंचित लहान. आडव्या रेघा उजवीकडे जरा वर चढत्या. समांतर रेघांमध्ये सारखे अंतर. एका अक्षरात एकच रेघ ठळकपणे लांब. डावीकडचा अवयव अरुंद, म्हणजे उजव्याला श्वास घ्यायला जागा राहते. यातली सारख्या अंतराची सूचना सर्वांत आधी अमलात आणावी. तिचा परिणाम पहिल्याच पानावर दिसतो.

सराव

जपानी शाळांत हा विषय शोशा या नावाने भाषेच्या तासातच येतो. पेन्सिलचे लेखन पहिलीपासून, कुंचला तिसरीपासून; 2020 पासून पहिली-दुसरीत पाण्याने लिहायच्या कुंचल्याचाही वापर सुरू झाला. लहान मुलांना 2बीसारखी मऊ पेन्सिल देतात, कारण तिच्यात दाबातला फरक उमटतो. पानाखाली शिताजिकी नावाचा प्लॅस्टिकचा पातळ तक्ता ठेवतात. सरावाच्या वहीत प्रत्येक चौकटीच्या आत तुटक रेघांचा क्रॉस असतो; कोणती रेघ कोणत्या पाव भागात सुरू होते हे त्यावरून ताडता येते. निबंधासाठीचा गेन्को योशी हा 400 चौकटींचा कागद त्यानंतरचा. शिक्षक लाल शाईने रेघ दुरुस्त करतात आणि छान जमलेल्या अक्षराभोवती फुलासारखे वर्तुळ काढतात. त्याला हानामारू म्हणतात, आणि मोठ्या माणसालाही ते मिळाल्याचा आनंद होतो.

गिरवणे, पाहून लिहिणे, न पाहता लिहिणे आणि मग कित्त्याशी ताडून बघणे, या पायऱ्यांतली शेवटची बहुतेक जण गाळतात. एकच अक्षर पानभर लिहिण्याचा उपयोग मर्यादित असतो. पहिले अक्षर कित्त्यावरून उतरते, दुसरे पहिल्यावरून, तिसरे दुसऱ्यावरून, आणि खाली जाता जाता चूक पक्की होते. चारच अक्षरे लिहावीत, पण प्रत्येक वेळी नजर कित्त्याकडे न्यावी. सुरुवात स्वतःच्या नावाच्या काताकानापासून, पत्त्यापासून आणि आकड्यांपासून करावी. जपानात राहणाऱ्या परक्याला अर्जांवर सर्वाधिक वेळा हेच लिहावे लागते.

परीक्षा आणि यंत्रे

1984 पासून होणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत हाताने काहीच लिहावे लागत नाही. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. पुणे हे भारतातल्या जपानी शिक्षणाचे मोठे केंद्र, पण तिथेही वरच्या पातळ्यांचा अभ्यास याच परीक्षेभोवती फिरतो आणि हाताचे लेखन पहिल्या वर्षानंतर मागे पडते. ज्यांना उद्दिष्ट हवे त्यांच्यासाठी 1975 पासून चालत आलेली कांजी केन्तेई परीक्षा आहे. तिची दहावी पातळी पहिलीच्या 80 कांजींवर असते आणि तिथेही लिहून दाखवावे लागते.

जपानी माणसांचा हातही यंत्राने सुटला आहेच. तोशिबाने 1978 मध्ये पहिला जपानी वर्ड प्रोसेसर आणला, त्यानंतर ध्वनी टंकून कांजी निवडण्याची सवय घरोघर पोचली. सरकारच्या 2011-12 च्या भाषाविषयक पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी कांजी अचूक लिहिण्याची आपली क्षमता घटल्याचे सांगितले. तरीही हाताने लिहिलेले परक्याचे पान जपानी वाचक आस्थेने वाचतो, आणि शिकणाऱ्यालाही सारखी दिसणारी कांजी वेगळी ओळखू येते ती लिहिल्यामुळेच.

धावते अक्षर

रेघा सुट्या ठेवून लिहायची नीटस शैली म्हणजे काइशो. अर्धवट जोडलेली ग्योशो, पूर्ण धावती सोशो. मोडी वाचू शकणाऱ्या मराठी माणसाला हात न उचलण्याचे हे तर्कशास्त्र चटकन उमजेल. परक्याने काइशो स्थिर झाल्यावर ग्योशोकडे वळावे. निदान वाचण्यापुरती ती यायलाच हवी, कारण प्रौढ जपानी माणसाची चिठ्ठी सहसा काइशोत नसते. शिवाय हाताने लिहिताना वापरली जाणारी संक्षिप्त रूपे, म्हणजे र्याकुजी, पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाहीत. दाराची कांजी तिच्या आतला बराच भाग गाळून दोन-तीन रेघांत लिहिली जाते, ‘यंत्र’ या अर्थाच्या ‘कि’ कांजीचा उजवा भाग काढून तिथे नुसता काताकाना ‘कि’ बसवतात. ही रूपे अर्जात किंवा परीक्षेत लिहायची नाहीत. सहकाऱ्याने फळ्यावर लिहिलेले वाचता यावे म्हणून ती ओळखीची असावीत.