पानशेतचा पूर आठवतो, सकाळचा चहा नाही

"तिला कसला डिमेन्शिया हो, तिला पानशेत फुटलं त्या दिवशी घरात काय शिजलं होतं ते पण आठवतंय!" पुण्यातल्या जुन्या घरांमधून हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की म्हटलं आता लिहूनच टाकावं. पानशेतच्या जागी कुठे कोयनेचा भूकंप असतो, कुठे ७२च्या दुष्काळातली सुकडी, पण लॉजिक तेच. एवढं जुनं लख्ख आठवतंय म्हणजे डोकं ठणठणीत आहे, आणि चहाचा कप खाली ठेवून पाच मिनिटांत "मला आज चहाच दिला नाही कुणी" म्हणते ते नाटक आहे. लक्ष वेधून घ्यायला, नाहीतर सुनेला पाहुण्यांसमोर खाली बघायला लावायला. खरं तर प्रकरण बरोब्बर उलटं आहे. जुनं शाबूत आणि ताजं गायब, हीच अल्झायमरच्या सुरुवातीची सगळ्यात ठळक खूण.

आधी एक पटकन सांगून टाकतो. डिमेन्शिया हा एक आजार नाही, आठवण, विचार आणि रोजचं वागणं बिघडवणाऱ्या लक्षणांचा गट आहे. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात कॉमन कारण, शिवाय छोट्या छोट्या स्ट्रोकमुळे होणारा वेगळा, पेशींत लुई बॉडी नावाच्या प्रोटीनच्या गाठी साचून होणारा वेगळा, आणि पन्नाशीतच स्वभाव पालटून टाकणारा फ्रंटोटेम्पोरल आणखी वेगळा. भारतात साठीपुढच्या लोकांत साधारण ७.४ टक्के म्हणजे ८८ लाख लोकांना यातलं काहीतरी आहे असा अंदाज २०२३ मध्ये आला, तो देशभर घरोघरी जाऊन घेतलेल्या चाचण्यांवरून. बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हा "मोठ्या शहरातल्या लोकांचा आजार" वगैरे काही नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, हिप्पोकॅम्पस. कानाच्या पातळीवर मेंदूत आत खोल, दोन्ही बाजूंना एकेक, बोटाएवढा. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलाइसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाच्या फिट्स थांबेनात म्हणून सर्जनने दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहिना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आली की ओळख पहिल्यापासून. बालपण मात्र आठवत होतं, बोलणं व्यवस्थित, बुद्ध्यांक चांगला. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तो दिवसागणिक सुधारत गेला आणि दर वेळी म्हणायचा की हे मी आयुष्यात कधी केलेलं नाही! म्हणजे हाताची शिकवण वेगळीकडे साठते आणि "काल काय झालं" हे वेगळीकडे. डिमेन्शिया झालेली आजी पोळी गोल लाटते, हरिपाठ न अडखळता म्हणते आणि तरी नातवाचं लग्न झाल्याचं तिला माहीत नसतं, ते याचमुळे.

मग जुन्या आठवणी कुठे असतात? किराणा दुकानात दिवसभराची उधारी कच्च्या वहीत लिहितात आणि रात्री दुकान बंद झाल्यावर मालक ती सावकाश खातेवहीत उतरवतो, तसं काहीसं इथे चालतं. हिप्पोकॅम्पस ही कच्ची वही, मेंदूचा वरचा वळ्यावळ्यांचा थर म्हणजे कॉर्टेक्स ही खातेवही. आणि हे उतरवणं खरंच झोपेत होतं, १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांमध्ये दाखवलं की जागेपणी ज्या पेशी एकत्र पेटल्या त्याच गाढ झोपेत पुन्हा एकत्र पेटतात. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. तेव्हाची भीती, धावपळ, मग नंतरची साठ वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलेली ती गोष्ट, एवढं सगळं खातेवहीत पक्कं बसलंय. सकाळचा चहा कच्च्या वहीतच लिहिला गेला नाही, तर तो आठवणार कुठून? (सगळ्या शास्त्रज्ञांना ही मांडणी पूर्ण पटत नाही, काहींचं म्हणणं की एखादा प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा करायला हिप्पोकॅम्पस कायमच लागतो. तो वाद चालू आहे, आपण पुढे जाऊ.)

यात गंमत अशी की अल्झायमर सुरुवात कच्च्या वहीपासून पण करत नाही, त्या वहीपर्यंत माहिती पोचवणाऱ्या वाटेवर करतो. हायको आणि एव्हा ब्राक या जर्मन जोडप्याने १९९१ मध्ये ८३ मेंदूंचे काप बघून आजाराचा प्रवास मांडला. टाऊ नावाच्या प्रोटीनचे गुंते आधी एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या आसपास दिसतात, मग हिप्पोकॅम्पस, मग बाकीचा मेंदू. हा एन्टोरायनल भाग हिप्पोकॅम्पसच्या शेजारीच, आणि त्याच्या दुसऱ्या थरातल्या पेशींच्या तारा हिप्पोकॅम्पसच्या दारातल्या डेन्टेट गायरसला जातात. १९९६ च्या एका अभ्यासात अगदी सौम्य अवस्थेतल्या रुग्णांमध्येसुद्धा या दुसऱ्या थरातल्या साधारण ६० टक्के पेशी गेलेल्या सापडल्या. सौम्य म्हणजे घरचे अजून "वयच झालंय" म्हणत असतात ती अवस्था!

आता डेन्टेटचं काम काय, तर सारख्या दिसणाऱ्या दोन प्रसंगांना वेगवेगळं ठेवणं. आणि त्याच्या पुढच्या सीए-थ्री भागाचं काम याच्या उलट, एक तुकडा मिळाला की अख्खा प्रसंग पूर्ण करणं. पहिलं बिघडलं आणि दुसरं थोडंफार चालू राहिलं की काय होईल याचा विचार करा. बीपीची गोळी रोज त्याच डबीतून, त्याच पाण्याने, त्याच खुर्चीत. आजची गोळी कालच्यापासून वेगळी नोंदलीच जात नाही, आणि डबी दिसली की कुठलीतरी जुनी आठवण पूर्ण होऊन येते, "घेतली की मघाशी". आजी खोटं बोलत नसते, तिला खरंच आठवतंय, फक्त कधीचं ते कळत नाहीये. इथे थोडं किचकट झालं मान्य आहे, पण एवढं कळलं तर घरातली निम्मी भांडणं मिटतील म्हणून ताणलं.

याच एन्टोरायनल भागात २००५ मध्ये मोसर या शास्त्रज्ञ पतिपत्नींच्या टीमला ग्रिड सेल सापडल्या, आपण जागेत कुठे आहोत आणि किती चाललो याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी, त्यावर २०१४ चं नोबेल मिळालं (अर्धं जॉन ओकीफना, त्यांनी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसमधल्या प्लेस सेल, म्हणजे ठरावीक जागी आलं की पेटणाऱ्या पेशी, शोधल्या होत्या). आता जोडा दोन्ही. ज्या भागावर आजार सगळ्यात आधी बसतो त्याच भागात रस्ता ओळखायची यंत्रणा. म्हणून चाळीस वर्षं ज्या मंडईत भाजी आणली तिथून परतताना काका चुकतात, रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही. हे एकदा जरी घडलं तरी "विसराळू आहेत" म्हणून सोडू नका. आणि खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी, लॅमिनेट करून, आजपासून.

बरं, मग सांभाळायचं कसं? इथे मला अमेरिकेतल्या आयोवाचा एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं तर काय पाहिलं ते जवळपास आठवेना, पण वाईट वाटणं किंवा बरं वाटणं तसंच टिकून होतं. त्याच्याही आधी, १९११ मध्ये जिनिव्हाच्या क्लापारेड या डॉक्टरांनी स्मृती गेलेल्या एका बाईंशी हातात टाचणी लपवून शेकहँड केला होता. नंतर त्यांनी हात पुढे केला तर बाई हात देईनात, डॉक्टरांना कधी भेटल्याचं मात्र त्यांना आठवत नव्हतं (आज कुठली एथिक्स कमिटी परवानगी देईल!). प्रसंग पुसला जातो, त्याची भावना मागे राहते. तुम्ही सकाळी ओरडलात ते दुपारी लक्षात नसेल पण दुपारी तुम्ही जवळ आलात की आजी आक्रसतात.

म्हणून "ओळख पाहू मी कोण?" ही पाहुण्यांची आवडती परीक्षा बंद करा. आजी दर वेळी नापास होते, आणि कशात ते विसरते पण नापास झाल्याचं राहतं. सरळ सांगायचं, "मावशी, मी सुनंदाचा मुलगा, दादरहून आलोय," आणि मग पानशेतचं विचारायचं, तिथे तिला पैकीच्या पैकी. भाजी निवडायला द्या, लसूण सोलायला द्या, हात ते काम विसरलेले नसतात. मेथीत चार काड्या राहिल्या तर राहिल्या.

चोरीचा आळ हा यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग. आमच्या ओळखीच्या एक आजी मंगळसूत्र सुरक्षित राहावं म्हणून तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायच्या, मग ठेवल्याचं विसरायच्या आणि स्वयंपाकाच्या बाईंचं नाव घ्यायच्या. ठेवल्याची नोंद नाही, वस्तू तर जागेवर नाही, मग मेंदू उरलेल्या पुराव्यावरून एकच निष्कर्ष काढतो, कुणीतरी घेतली. त्यांच्या बाजूने बघितलं तर तर्क बिनचूक आहे! त्यावर "मी कशाला घेऊ" म्हणून वाद घालून उपयोग शून्य. "चला आपण दोघी शोधू" म्हणायचं आणि लपवायच्या ठरलेल्या जागा घरातल्यांनी माहीत करून ठेवायच्या. बाथरूममधला आरसा झाका, कारण त्यात एक अनोळखी म्हातारी बघत असते आणि तिच्यासमोर कपडे कोण काढेल? काळं पायपुसणं काढा, काहींना तो खड्डा वाटतो.

आता थोडं चिडून. लुई बॉडी डिमेन्शियात माणसाला नसलेली माणसं दिसतात, कोपऱ्यात बसलेली पोरं, पलंगाखाली मांजर, अगदी स्पष्ट. आपल्याकडे यावर पहिला उपाय देवऋषी, लिंबू, अंगारा आणि "बाहेरचं काहीतरी आहे". त्यात महिने जातात, आणि शेवटी कुणीतरी भ्रम थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध चालू करतं, जे नेमकं याच आजारात अंग ताठर करून जिवावर उठू शकतं. डॉक्टरला "त्यांना माणसं दिसतात" हे पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका.

आणि शिकलेल्यांची अंधश्रद्धा पण काही कमी नाही. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात नीट जातच नाही, अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, तरी फॉरवर्ड थांबत नाहीत. ब्रेन-गेमवाल्या लुमॉसिटीला तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. त्यापेक्षा बीपी, शुगर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सांभाळा, आणि मुख्य म्हणजे कान! लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले, सगळे हटवता आले तर डिमेन्शियाच्या साधारण ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील, आणि त्यात ऐकू न येणं अगदी वरच्या नंबरावर आहे. पण श्रवणयंत्र लावायला आपल्याकडे कमीपणा वाटतो. हैदराबादेत ६४८ रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, निरक्षर लोकांमध्येही. तेव्हा घरात मराठी, बाजारात हिंदी ही सवय वाईट नाही म्हणायची.

नव्या औषधांचं काय? लेकॅनेमॅब हे औषध अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रोटीनचा साका खरंच साफ करतं, २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. पण १७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी, आजार किती वाढला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक होता ०.४५ गुणांचा. बातम्यांत ते "२७ टक्के" म्हणून छापून आलं. दोन्ही खरंच आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं आजी २७ टक्के बरी होणार, तर तसं नाही, घसरण थोडी हळू होते आणि तीसुद्धा सुरुवातीच्या अवस्थेत. वर सुरुवातीला तरी दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून औषध आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का बघायला वरचेवर एमआरआय.

त्यामुळे आधी स्वस्तातलं तपासा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, मागच्या महिन्यात पडून डोक्यात साचलेलं रक्त, हे सगळं डिमेन्शियासारखं दिसतं आणि बऱ्याचदा सुधारतं. बी-१२ चं तर खास आपल्याला सांगायला हवं, डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमला पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये दोन-तृतीयांश लोकांत ते कमी सापडलं होतं. सांभाळणाऱ्याचं स्वतःचं डोकं फिरायची वेळ आली तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

आणि बरं चाललेलं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बडबडायला लागलं, रात्रभर जागं राहिलं, ओळखेनासं झालं तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत उडी मारत नाही. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा कुणीतरी नव्याने दिलेली झोपेची गोळी, यातलंच काहीतरी असतं बहुतेक वेळा. युरिन रुटीन करा आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.