टेबल लँडचे विखुरलेले तुकडे

पाचगणीच्या टेबल लँडवर घोडेवाल्यांना चुकवत कड्यापर्यंत गेलं, की खाली धोम धरणाचं पाणी दिसतं आणि दऱ्यांपलीकडे आणखी सपाट माथे. बरेचसे साधारण एकाच उंचीचे. पायाखाली जांभा, म्हणजे लोहामुळे लालसर झालेला दगड; वेण्णेच्या दरीपलीकडे कासच्या पठारावरही जांभाच. हे सगळं कधीकाळी सलग असावं आणि मधला भाग नद्यांनी खाल्ला असावा, असा संशय कुणालाही येईल.

लाखो वर्षं झिजून सपाट झालेल्या अशा जुन्या जमिनीला क्षरणपृष्ठ म्हणतात. सह्याद्रीत ते ओळखणं अवघड आहे, कारण इथे सपाटी फसवी असते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचलेला आहे. वरचा मऊ थर निघून गेला की खालचा टणक थर आपोआप सपाट माथा होतो. त्याला क्षरणपृष्ठ म्हणता येत नाही.

म्हणून आधी उंची मोजायची. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर यानाने 60 मीटर लांब दांडा बाहेर काढून त्याच्या दोन टोकांच्या रडार अँटेनांनी 11 दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. 2005 साली गेलेला इस्रोचा कार्टोसॅट-1 हा उपग्रह पुढे आणि मागे झुकलेल्या दोन कॅमेऱ्यांनी तेच काम आपल्या दोन डोळ्यांसारखं करत असे. आज 30 मीटरच्या चौकटींतली ही उंची कुणालाही फुकट मिळते. उतार अगदी कमी असलेल्या चौकटी निवडायच्या आणि कोणत्या उंचीवर किती पडतात ते मोजायचं. एखाद्या उंचीवर गर्दी झाली, तर तिथे सपाटी आहे. घनदाट जंगलात मात्र रडार झाडांचे शेंडेही मोजतं, हे विसरायचं नाही.

मग रंग. जांभ्यातली लोहखनिजं निळा प्रकाश शोषतात आणि लाल परतवतात, म्हणून लाल-निळ्याचं गुणोत्तर काढलं की जांभा उठून दिसतो. त्यातली चिकणमाती 2.2 मायक्रोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषते; ती दुसरी खूण. प्रतिमा मात्र गवत वाळल्यानंतरच्या, उन्हाळ्यातल्या हव्यात. सप्टेंबरातलं कास फुलांच्या फोटोंसाठी उत्तम, या कामासाठी निरुपयोगी.

कोकणात पुरावा जास्त स्वच्छ आहे. रत्नागिरीकडचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, बसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर आहेत. तसेच सडे दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्याकडे जाताना लाव्हाच्या कितीतरी आधीच्या खडकांवरही दिसतात. वेगवेगळ्या वयाच्या खडकांना जी सपाटी सारखीच कापत जाते, ती लाव्हाची पायरी असूच शकत नाही. सड्यांवरची कातळशिल्पं अशाच एका फार जुन्या जमिनीवर कोरलेली आहेत.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र प्रश्न असा सुटत नाही, कारण तिथे खाली सगळा बसाल्टच. एक मत असं, की तिथला जांभा एका विस्तीर्ण जुन्या जमिनीचा उरलेला थर आहे. 2008 मध्ये क्लिफ ऑलिअर आणि हेतू शेठ यांनी वेगळं मांडलं: माथ्यावरचं हे लोहयुक्त कवच जुन्या नद्यांच्या तळाशी तयार झालं. ते टणक झालं, शेजारचे मऊ काठ झिजून खाली गेले आणि नदीचा तळच डोंगरमाथा झाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा टेबल लँडकडे बघायची नजरच उलटी झाली.

दोन्ही कल्पनांतून वेगवेगळा आकार अपेक्षित आहे. जुनी जमीन असेल, तर विखुरलेल्या तुकड्यांच्या माथ्यांवरून एकच, किंचित कललेली पातळी काढता आली पाहिजे. नदीचे तळ असतील, तर जांभ्याचे तुकडे वरून बघताना लांबट, वळणावळणाचे आणि फाटे फुटलेले दिसायला हवेत. कड्यावर उभं राहून यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी उपग्रहाचीच नजर लागते, आणि त्यानंतर हातोडा घेऊन जांभ्याखालचा खडक बघायला पुन्हा चढावं लागतं.